सापाच्या अंड्यांना उजेड चालतो का? (उकिरड्यात निघालेली नागाची अंडी)

तापीकाठचा

राम राम मंडळी. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की आमच्या रावेर भागात शेणखत वावरात टाकायची घाई सुटते. परवा एका गावात उकिरडा उपसताना भिंतीलगतच्या भुसभुशीत खतात नागाची अंडी निघाली. मादी अंड्यांवरच बसलेली. तिनं फणा काढला तशी ट्रॉली अर्धवट टाकून मजूर पळाले.

मालकाला आम्ही म्हटलं, दोन महिने खत असंच राहू द्या. पण अर्धा उकिरडा उपसून झालेला, अंड्यांवर थेट ऊन पडायला लागलं आणि शेजारी अंगणात लहान पोरं. वनरक्षक आले, पंचनामा झाला. मादी त्यांच्या देखत जंगलात सोडली. अंडी वनखात्याच्या सांगण्यावरून आमच्या गटातल्या एका जुन्या सर्पमित्राकडे उबवणीला ठेवलीत.

अंडी पंधराच्या आसपास आहेत. थर्माकोलची पेटी, आत ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वरून काच. कोकोपीट टिश्यूकल्चर केळीच्या नर्सरीतून आणलं, आधी धुऊन घेतलं. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली आणि उचलताना ती बाजू वरच ठेवली.

आता भांडण उजेडाचं आहे. एकजण म्हणतो, पेटीवर काळं कापड टाका, उजेडानं पिल्लू आतच मरतं. दुसऱ्यानं पेटीत चाळीसचा बल्ब लावलाय, म्हणतो ऊब हवी तर उजेड आलाच. तिसरा येता-जाता मोबाईलची बॅटरी मारून आत शिरा दिसतात का बघतो. उष्णता सोडून द्या, नुसत्या उजेडानं अंड्याला काही होतं का? जाणकारांनी सांगावं.

जिभाऊ_अमळनेर

नागीण बिळात कंदील लावून बसते का? झाका. विषय संपला.

पुण्यातला_खान्देशी

जिभाऊ, बिळात अंधार असतो म्हणजे अंधार लागतोच असं कुठे ठरतं? बिळात वायफायपण नसतं. परदेशात अजगर पाळणारे लोक काचेच्या दाराच्या कपाटात अंडी उबवतात, आत पट्टीचे एलईडी लावलेले असतात. पिल्लं निघतात की व्यवस्थित. माझं मत, उजेडाचा बाऊ करू नका.

वावर_आनि_वखर

आमना गावमा बी निंघना व्हतात उकिरडामा. मन्हा बाप म्हने, जठे अंडा तठेच ऱ्हाऊ द्या, खत पुढला साल टाकू.

धुळ्याचे_मास्तर

तापीकाठचा, प्रश्न चांगला विचारलात. उष्णता सोडून द्या म्हणालात, पण उजेडाच्या गप्पांत तीच आधी चोरपावलानं आत शिरते. तिला वेगळं काढल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

आधी अंडं बघू. कोंबडीचं कवच चुन्याचं, टणक. सापाचं चिवट, चामड्यासारखं, त्यात चुना अगदी थोडा. म्हणून ते भोवतालचं पाणी शोषून फुगतं आणि कोरडं पडलं की पिचकतं. तुमचा मित्र बॅटरी मारून शिरा बघतो म्हणजे उजेड आत जातो हे सिद्धच आहे. पिल्लाचे डोळेही पुष्कळ आधी तयार होऊ लागतात. तेव्हा उजेड पोचतच नाही असं म्हणता येणार नाही.

पण पोचणं वेगळं आणि मारणं वेगळं. खोलीतला मंद उजेड, झाकण उघडलं तेवढ्यापुरता उजेड, बॅटरीचे चार-पाच सेकंद, यानं नागाचं अंडं मरत नाही. अंडी मरतात ती तापल्यानं, सुकल्यानं, पाणी साचून गुदमरल्यानं, उलटीपालटी झाल्यानं. उजेडावर आळ येतो कारण तो डोळ्यांना दिसतो, बाकीचं दिसत नाही.

चाळीसचा बल्ब म्हणजे साधा काचेचा, तारेचा ना? त्यात खर्च होणाऱ्या विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती शेगडीच, उजेड आपला फुकटात मिळतो. शिवाय बल्ब वरून तापवतो, त्यामुळे वरचं कोकोपीट सुकतं, वरची अंडी खालच्यांपेक्षा गरम होतात, आणि बल्ब चालू-बंद झाला की तापमान वरखाली होत राहतं. अशा पेटीतली अंडी गेली की लोक म्हणतात, उजेडानं गेली.

तुमच्या काचेचंही तेच. बंद काचपेटीवर खिडकीतून उन्हाची तिरीप अर्धा तास जरी पडली तरी आतलं तापमान कुठच्या कुठे जातं. काळं कापड टाकलंत आणि त्यावर ऊन आलं, तर कापडच तापेल. सावलीतल्या पेटीवर टाका, हरकत नाही.

आता मला सांगा, आत किती अंश आहे आणि तापमापक कुठे ठेवलाय?

तापीकाठचा

मास्तर, तापमापक झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. सकाळी २९ दाखवतो, दुपारी ३६ पर्यंत जातो. बल्बाला थर्मोस्टॅट आहे, ३० ला बंद होतो.

धुळ्याचे_मास्तर

बल्ब बंद होऊनही ३६! मग तुमचं दुखणं वेगळंच आहे. खोली पत्र्याची आहे का?

तापीकाठचा

हो, पत्र्याची. गच्चीवरची.

जिभाऊ_अमळनेर

धन्य आहे. वैशाखात, रावेरला, पत्र्याखाली, वर बल्ब. अंडी उबवताय की उकडताय?

धुळ्याचे_मास्तर

जिभाऊंनी माझं काम केलं. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे उबवणीची पुस्तकी पद्धत उलटी करावी लागते. ती पद्धत थंड मुलुखात घडली, म्हणून तिच्यात सगळा भर ऊब देण्यावर. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही.

नागाच्या अंड्यांना साधारण २८ ते ३१ अंश मानवतं. थोडं खाली गेलं तर पिल्लं उशिरा निघतात, एवढंच. ३४-३५ च्या वर रोज जायला लागलं तर पाठीचा कणा वाकडा झालेली पिल्लं निघणं, पूर्ण वाढूनही अंड्यातच मरणं असे प्रकार होतात. कमी-जास्त व्हायचंच असेल तर कमी बरं.

तुमच्या गावात कुणाचं धाब्याचं घर शिल्लक आहे का? जाड मातीच्या भिंती, वर मातीचा धाबा. त्याची मधली, बिनखिडकीची खोली, म्हणजे मधघर, बघा, जिथे माठ ठेवतात तसं. पेटी तिथे जमिनीवर, पाटावर ठेवा. बल्ब काढा. दुपारी फारच वाटलं तर पेटीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, पण पाणी आत जाऊ देऊ नका. तापमापकाचं टोक अंड्यांच्या पातळीला, कोकोपीटला टेकून ठेवा. झाकणाखालचा आकडा अंड्यांचा नसतो.

मधघरात अंधार आपोआप मिळेल, म्हणजे काळ्या कापडवालेही खूश.

नवापूर_हॅचरी

मी कोंबडीवाला, सापाचं ज्ञान शून्य. पण उजेडाचा विषय आमच्या धंद्यात फार निघतो, म्हणून लिहितो.

आमच्याकडे अंडी १८ दिवस सेटरमध्ये (उबवायचं यंत्र) आणि शेवटचे तीन दिवस हॅचरमध्ये (पिल्लं फुटायचं यंत्र). आत ३७.५ च्या आसपास आणि मिट्ट काळोख. तासातासाला ट्रे ४५ अंशात कलतो. पिल्लं उत्तम निघतात, म्हणजे कोंबडीला उजेड लागतोच असं नाही. पण उजेड दिला तर फरक पडतो हे खरं आहे. उजेडात उबवलेली पिल्लं थोडी आधी फुटतात असं अनेक प्रयोगांत दिसलंय. हिरव्या उजेडानं पिल्लाचं मांस वाढतं यावरही बरंच काम झालंय.

मला सगळ्यात नवल वाटलं ते डोळ्याचं. कोंबडीचं पिल्लू फुटायच्या आधी अंड्यात असं वळून बसतं की डावा डोळा अंगाखाली झाकला जातो आणि उजवा कवचाकडे येतो. शेवटच्या दिवसांत कवचातून उजेड गेला तर तो एकाच डोळ्याला मिळतो. मग मेंदूच्या दोन बाजू वेगवेगळ्या घडतात, पिल्लू एका डोळ्यानं दाणा नि खडा ओळखतं आणि दुसऱ्यानं घारीवर लक्ष ठेवतं. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांत ही वाटणी नीट होत नाही. ऑस्ट्रेलियात लेस्ली रॉजर्स बाईंनी यावर आयुष्यभर काम केलंय.

तर उजेड मारत नाही, पण पिल्लू घडवू शकतो. सापात असं काही असेल का?

धुळ्याचे_मास्तर

वा! या धाग्यावरचा सर्वात मोलाचा प्रतिसाद.

पण कोंबडीवरून सापावर उडी मारताना एक लक्षात घ्या. पक्षी उघड्यावर अंडी घालतात, कोंबडी दाणे टिपायला उठते तेव्हा अंड्यांवर उजेड पडतो. शेवटच्या दिवसांत थोडा उजेड मिळणं त्या पिल्लाच्या नेहमीच्या आयुष्यात धरलेलंच आहे. नागाचं अंडं मात्र उंदराच्या बिळात, वारुळात, खताच्या पोटात. तिथे फुटेपर्यंत काळोख. नसणारच अशा उजेडावर सापाचा मेंदू आपली घडण सोपवून बसेल, हे मला पटत नाही. हा माझा तर्क, प्रयोग नव्हे. आणि पिल्लू अंड्यात वेटोळं घालून असतं, मध्ये जागाही बदलतं, त्यामुळे एकच डोळा सतत उजेडाकडे राहण्याचं कारण दिसत नाही.

म्हणून नागाच्या बाबतीत कल अंधाराकडे ठेवावा. उजेड मारतो म्हणून नव्हे. जे कधी नव्हतं ते आपण कशाला घालायचं, एवढंच.

शिरपूरकर

मास्तर, तुमचं म्हणणं मान्य नाही. आमच्या ओळखीच्या एकानं मागे धामणीची अंडी वाचवली होती. खिडकीत, भरपूर उजेडात ठेवली. एकूण एक गेली, बुरशी आली. तेच दुसऱ्यानं माठात घालून अंधारात ठेवली, सगळी फुटली. याला काय म्हणाल?

धुळ्याचे_मास्तर

खिडकीतली अंडी रोज पाणी शिंपडून ओली करत होते का?

शिरपूरकर

हो, सुकायची ना लगेच. दिवसातून दोन-तीनदा स्प्रे मारायचे.

धुळ्याचे_मास्तर

मग बघा. खिडकीमुळे पेटी तापली, तापल्यामुळे सुकली, सुकली म्हणून अंड्यांवर थेट पाणी मारलं, आणि एकदा सुकणं एकदा भिजणं यात अंडी कमजोर होऊन बुरशी चढली. माठातली अंडी गार, सारख्या ओलीत, कुणी हात न लावता राहिली. दोन्हीकडे एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि निकाल मात्र उजेडाच्या नावावर लिहिला. उजेडाचंच बघायचं तर दोन्ही पेट्यांत तापमान, ओल, हवा, सगळं सारखं हवं आणि एकीत थंड एलईडी, एवढाच फरक.

(बुरशी बऱ्याचदा आधीच मेलेल्या किंवा न फळलेल्या अंड्यावर येते. ती मरण्याचं कारणच असेल असं नाही.)

पुण्यातला_खान्देशी

मग करा की प्रयोग! अंडी आहेतच. निम्मी उजेडात, निम्मी अंधारात.

सातपुडा_ताई

अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं येतं. ही अंडी पंचनामा करून सांभाळायला दिलीत, प्रयोगाला नाही. आणि बाकी वाचकांनाही सांगते, अंडी सापडली म्हणून कुणीही परस्पर घरी नेऊन पेटीत घालू नका. वनखात्याचा १९२६ हा फुकटचा नंबर आहे, तो लावा.

मी यावल अभयारण्याच्या बाजूला सर्वेक्षणाला जाते, त्यामुळे जरा बिळाच्या बाजूनं बोलते. वैशाखात उघड्या जमिनीला हात लावला तर चटका बसतो, पण हातभर खोल बिळात दिवस-रात्रीचा फरक जवळपास विरून गेलेला असतो. नागीण ती जागा निवडते ती यासाठी. अंधार तिथे जोडीनं आलेला. रावेर तालुक्यातल्या पाल गावच्या जंगलात साळिंदराच्या सोडलेल्या बिळात अजगराची मादी अंड्यांभोवती विळखा घालून बसते आणि गारवा वाढला तर अंग थरथरवून ऊब देते. अंड्यांवर उजेड पडायला जागाच नाही.

उकिरड्याचंही तसंच. कुजणाऱ्या खताचा गाभा इतका तापतो की अंडी शिजतील. म्हणून ती कडेला, भिंतीलगत घालते. तापीकाठचा दादांनी जागा भिंतीलगतची म्हणून लिहिली, ती उगाच नव्हती.

आणि अंडी निम्मी-निम्मी करण्याबद्दल आणखी एक. युरोपातल्या एका पाणसापावर २०१६ मध्ये काम झालंय. एकेकटी उबवलेली अंडी आणि भावंडांना चिकटून उबवलेली अंडी यांतली पिल्लं पुढे वागायला वेगळी निघाली, एकट्या अंड्यातली पिल्लं कमी मिसळणारी. तेव्हा जशी सापडली तशी एकत्रच राहू द्या.

चोपडा_एक्सप्रेस

मला एक सांगा, उजेड किंवा ऊन कमी-जास्त झालं तर सगळी पिल्लं नर किंवा सगळी मादी होतात हे खरं का? कासवाचं वाचलं होतं.

सातपुडा_ताई

बहुतेक कासवांत आणि मगरीत तापमानावर ठरतं. सापात गुणसूत्रांवर ठरतं. उजेडाचा तर संबंधच नाही.

चोपडा_एक्सप्रेस

आणि धामण ही नागाची मादी असते ना? मग ही अंडी धामणीची का नाहीत?

जिभाऊ_अमळनेर

आलं! या धाग्यावर हे अजून कसं आलं नाही याचंच मला नवल वाटत होतं. धामण वेगळा साप, तिच्यात नर-मादी दोन्ही. फणा काढून अंड्यांवर कोण बसली होती ते वर वाचा.

तापीकाठचा

सर्वांचे आभार. पेटी हलवली. गावात एका आजींचं धाब्याचं घर आहे, त्यांनी मधघर दिलं. अट एकच, नाग निघाले की घरात सोडायचे नाहीत. बल्ब काढला. आता अंड्यांच्या पातळीला दुपारी ३१, पहाटे २९. काचेऐवजी थर्माकोलचंच झाकण, त्याला सुईनं भोकं. लोडशेडिंगची चिंताही गेली, विजेचं काही उरलंच नाही.

बॅटरी मारून बघणं पूर्ण बंद करावं का?

नवापूर_हॅचरी

आम्ही कँडलिंग (उजेड लावून अंडं आतून बघणं) करतो तेव्हा काम पटापट उरकतो. अंडं बाहेर राहिलं की गार होतं आणि हात लागतो, म्हणून. उजेडाची भीती त्यात नसते.

धुळ्याचे_मास्तर

नवापूरकर बरोबर सांगतायत, फक्त त्यांच्यासारखं अंडं उचलून फिरवू नका. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन बाजूंनी पीळदार दोऱ्या असतात, त्यामुळे ते फिरवलेलं चालतं, उलट फिरवावंच लागतं. सापाच्या अंड्यात त्या नसतात. गर्भ वरच्या बाजूला पडद्याला टेकून वाढतो, त्याला उलटं केलं तर बलकाच्या ओझ्याखाली जाईल. तुमची पेन्सिलीची खूण म्हणूनच लाखमोलाची.

बघायचंच तर थंड एलईडीची छोटी बॅटरी, अंडं जागेवरच, कडेनं टेकवून क्षणभर. लालसर शिरा दिसल्या की झालं. नुसतंच पिवळं दिसलं तरी घाई करून फेकू नका. कुजून वास येईपर्यंत ते कुणाचं वाकडं करत नाही. पंधरवड्यातून एकदा बघितलं तरी पुष्कळ. मोबाईल घेऊन रोज दर्शनाला जाणाऱ्या मित्राला आवरा. दर वेळी झाकण उघडलं की ओल उडते आणि ती बॅटरीपेक्षा महाग पडते.

तापीकाठचा

बरेच दिवसांनी धागा वर काढतोय. आषाढ संपत आला, कानबाईच्या सणाच्या आधीच पिल्लं फुटायला लागली! काल सकाळी दोन अंड्यांवर चिरा दिसल्या, आज पाच-सहा डोकी बाहेर आहेत. झाकण उघडून उजेड आला की डोकी परत आत. मित्र म्हणतोय, अडकलीत, ओढून काढू. काय करावं? आता तरी उजेड ठेवायचा की नाही?

सातपुडा_ताई

ओढू नका!! वरच्या जबड्याच्या टोकावरच्या दातानं कवच चिरून पिल्लू डोकं बाहेर काढतं आणि एखादा दिवस, कधी जास्त, तसंच बसतं. पोटात उरलेला बलक शोषून घ्यायचं काम चालू असतं. ओढलं तर तो बाहेर येतो, रक्तस्राव होतो. उजेड दिसला की आत जातात, म्हणजे शहाणी आहेत, ससाणा आला असं समजतात. झाकण बंद करा आणि उद्या बघा.

आणि हो, ती वीतभर पिल्लं पहिल्या क्षणापासून विषारी असतात, फणाही काढतात. हातात घेऊन फोटो नको. साप उचलायची आकडी आणि लांब चिमटा, घट्ट बंद होणारी बरणी. वनरक्षकांना आजच कळवा, सोडायची जागा तेच ठरवतील.

नवापूर_हॅचरी

अभिनंदन! झाकणाची भोकं मात्र तपासा, सुईचीच आहेत ना? कुणी हवेसाठी मोठी केली असतील तर वरून जाळी बांधा. आजींची अट आठवते ना.

तापीकाठचा

मोठी केली होती मित्रानं. 😀 आत्ताच जाळी बांधून आलो, मोजली, सगळी आत आहेत. वनरक्षक उद्या सकाळी येतायत. दोन अंडी तशीच आहेत, त्यांना अजून हात लावलेला नाही.

वावर_आनि_वखर

भो, तो उकिरडा अजून तसाच शे का? पाऊस पडी गया, खत टाकाना राही गया ना बिचाराना.

तापीकाठचा

नाही हो, उरलेलं खत मालकानं वरवरून, कडा सोडून नेलं. भिंतीलगतचा पट्टा ठेवलाय. पुढच्या साली उपसताना आधी आम्हाला फोन करणार म्हणालेत.